मुंबई सोडण्याचा विचार

मुंबईतील नोकरदार कुटुंबात घर लहान पडू लागले, थोरले अपत्य सहावी-सातवीत पोचले आणि कर्त्या माणसाच्या हाती परगावच्या कंपनीने अधिक वेतन देऊ केल्याचे पत्र पडले, म्हणजे जो प्रश्न पुढे काही आठवडे रोज रात्रीच्या जेवणानंतर चर्चेस निघतो, तो मुंबई सोडावी काय, आणि सोडावयाची ठरल्यास पुण्यास जावे, बंगळुरास जावे, की हैदराबादेस जावे, हा होय. या चर्चेत आकड्यांचा तुटवडा कधीच नसतो. तेथे घरभाडे काय पडेल, तेवढ्याच पैशात किती खोल्या मिळतील, शाळेची फी किती, हे सर्व एका कागदावर दोन रकान्यांत मांडले जाते, आणि वजाबाकी बहुधा जाण्याच्याच बाजूने निघते. असे असूनही कित्येक कुटुंबे जात नाहीत आणि जी जातात त्यांतील काही दोन-तीन वर्षांत परततात. तेव्हा त्या कागदाच्या मांडणीतच काही उणे असावे, असे मानण्यास जागा आहे.

आपण राहतो ते शहर आपणांस त्याच्या रोजच्या जाचावरून ठाऊक असते आणि जेथे जावयाचे ते त्याच्या लौकिकावरून. आणि शहराचा लौकिक निदान एक पिढी मागचा असतो, ही या मांडणीतील मूळ अडचण आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ 1863 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बोरघाटातून लोहमार्ग खुला होऊन मुंबई व पुणे ही शहरे आगगाडीने अखंड जोडली गेली. तेव्हापासून मुंबईत नोकरी करावी आणि पुण्यात पेन्शन खावी, हा संकेत मराठी मध्यमवर्गाच्या मनात जो रुजला तो पुण्याचे स्वरूप पालटून गेल्यावरही पुष्कळ काळ टिकला. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागाहून टेल्को आणि बजाज आले, 1982 साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली, हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत झाली. तरीही मुंबईच्या बैठकीत पुण्याचे नाव निघाले की दुपारी मिटलेली दुकाने आणि सदाशिव पेठेतील वाडेच डोळ्यांपुढे उभे राहतात. बंगळुराविषयी ‘उद्यानांचे शहर’ ही ख्याती अशीच बाहेरगावी अधिक शिल्लक आहे. पुणेकरांस एक गोष्ट सहसा आठवत नाही, आणि आठवली तरी ते ती बोलून दाखवीत नाहीत, ती ही की इन्फोसिस 1981 साली पुण्यातच स्थापन झाली आणि 1983 साली बंगळुरास गेली.

लौकिकाचे हे मागे राहणे सरकारी दफ्तरातही दिसते. प्राप्तिकराच्या नियमांत घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी दीर्घकाळपर्यंत मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चारच शहरांस वेतनाच्या पन्नास टक्क्यांची मर्यादा होती आणि पुणे, बंगळूर, हैदराबाद यांस इतर गावांप्रमाणे चाळीस टक्क्यांचीच. म्हणजे घरभाड्याचा बाजार महानगरी झाला तरी सवलतीचे मोजमाप मोफसलीच राहिले. आपल्या हाताशी असणारे लोकसंख्येचे आकडे तरी कोठे ताजे आहेत? 2011 च्या शिरगणतीप्रमाणे बृहन्मुंबईत सुमारे 1 कोटी 24 लक्ष, बंगळुरात 84 लक्ष, हैदराबादेत 67 लक्ष आणि पुण्यात 31 लक्ष माणसे राहत होती, व 2021 ची शिरगणती लांबणीवर पडल्यामुळे पुढे कित्येक वर्षे नियोजन चालले ते याच संख्यांवर. पुण्यात तर 2017 साली 11 व 2021 साली 23 गावे महापालिकेच्या हद्दीत आली. तेव्हा 31 लक्षांचे पुणे आता केवळ कागदावर आहे, आणि जो मुंबईकर आज पुण्यास जाईल तो बहुधा त्या जुन्या पुण्यात राहावयास जाणारच नाही.

आता घराचा विचार. मुंबई सोडणारा माणूस मुंबईत कोणत्या हक्काने राहतो यावर या प्रश्नाचे स्वरूप मुळातून बदलते, आणि तरीही आपल्या चर्चांत हा भेद फारसा केला जात नाही. ज्याची सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालकीची सदनिका आहे, तो ती विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो किंवा कुलूप लावून ठेवू शकतो; तीनही वाटा त्यास मोकळ्या आहेत. लालबाग-परळच्या किंवा गिरगावच्या चाळीत पागडीच्या खोलीत जो राहतो त्याची स्थिती निराळी. त्याचे भाडे इतके थोडे असते की ते सोडून जाणे मूर्खपणाचे वाटावे. पण खोली बंद करून वर्षानुवर्षे परगावी राहणेही त्यास निर्धोक नाही, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अन्वये भाडेकरूने सबळ कारणावाचून सलग सहा महिने जागेचा वापर केला नाही, तर मालकास ताबा मागण्याचा हक्क पोचतो. खोली दुसऱ्याच्या नावे करावयाची तर मालकाचा वाटा द्यावा लागतो. या देवघेवीस 1999 च्या कायद्याने मान्यता दिली असली तरी वाटा किती हे अद्याप रिवाजावर आणि उभयतांच्या चिकाटीवर ठरते. सबब पागडीचा भाडेकरू मुंबई सोडतो तेव्हा तो एक असा हक्क सोडतो, जो पैशाने पुन्हा विकत घेता येईलच असे नाही. तिसरा वर्ग लीव्ह अँड लायसन्सवर, अकरा महिन्यांच्या किंवा तीन वर्षांच्या करारावर राहणाऱ्यांचा. सोडण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नाही, आणि म्हणून शहर बदलण्याचा निर्णय खऱ्या अर्थाने मोकळेपणी घेऊ शकणारा तोच एक.

जेथे जावयाचे तेथील रीतिरिवाजही समजून घ्यावे लागतात. पुण्यात तोच कायदा आणि तोच करारनामा; महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट भाडे भरावे लागते. बंगळुरात मात्र दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची जुनी वहिवाट आहे, आणि ती रक्कम परत मिळविताना रंगसफेदीच्या नावाखाली एखाद्या महिन्याचे भाडे कापले जाणे हे तेथे कोणास गैर वाटत नाही. याखेरीज ‘भोग्य’ म्हणून एक पद्धत तेथे आहे, ती अशी की भाडेकरूने मोठी ठोक रक्कम मालकाच्या हवाली करावयाची, मुदतभर भाडे द्यावयाचे नाही, आणि मुदतीअखेर ती रक्कम बिनव्याजी परत घ्यावयाची. मुंबईतील ‘हेवी डिपॉझिट’शी तिचे नाते आहे, आणि धोकाही तोच, की मालकाने मध्यंतरी ते पैसे कोठे गुंतविले हे भाडेकरूस कळत नाही. घर विकतच घ्यावयाचे असल्यास बंगळुरात मिळकतीचे खाते ‘ए’ म्हणजे नियमित आहे की ‘बी’ म्हणजे अनियमित, आणि पुण्याच्या नव्या हद्दीत इमारतीस पूर्णत्वाचा दाखला मिळाला आहे की नाही, हे दोन प्रश्न दिवाणखान्याच्या लांबीरुंदीपूर्वी विचारावे. मुंबईचे घर विकून आलेला नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात घातला तर त्यावरील करात सूट मिळते, या समजुतीने कित्येक जण घाईने खरेदी करून टाकतात. समजूत खरी आहे, घाई मात्र अनाठायी. बांधकाम करून घ्यावयाचे असल्यास कायदा तीन वर्षेही देतो, आणि अनोळखी शहरातील कोणती पेठ आपल्यास मानवेल हे कळावयास एवढा काळ लागतोच.

परंतु घरापेक्षाही ज्या एका गोष्टीचे मोल मुंबईकरास मुंबई सोडीपर्यंत कळत नाही, ती म्हणजे लोकल गाडी. तिच्या गर्दीविषयी आणि तीत होणाऱ्या मृत्यूंविषयी काहीही मृदू बोलण्याचे कारण नाही. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात आणि कोणत्याही सुसंस्कृत शहरास ही गोष्ट लाजिरवाणी आहे. तथापि या गाडीने मुंबईच्या संसाराची एक घडी अशी बसविली आहे, की जी इतरत्र नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाने फोर्टातील नोकरी सोडून घाटकोपरची धरली, तेथून पुढे अंधेरीची धरली, तरी त्यास घर बदलावे लागत नाही. फक्त पास बदलावा लागतो. त्याच्या पत्नीची नोकरी ठाण्यास असू शकते, मुलगी माटुंग्याच्या महाविद्यालयात जाऊ शकते, आणि ही तीनही माणसे एका स्थानकावरून निघून एका स्थानकावर परत येतात, घरात वाहन असो वा नसो. पुण्यात, बंगळुरात आणि हैदराबादेत घर आणि कचेरी यांचा संबंध याहून फार नाजूक आहे. कोथरूडास राहून हिंजवडीस जाणे, किंवा जयनगरास राहून व्हाइटफील्डला जाणे, हे अंतराने डोंबिवली-फोर्टाच्या निम्मेही नसेल. पण त्यास लागणारा वेळ आज एक आणि उद्या दुसरा, आणि पावसाच्या दिवशी तिसराच. त्यामुळे तेथे माणसे कचेरीजवळ घर घेतात, आणि नोकरी बदलली की घर बदलतात; ज्या क्षेत्रात तीन-चार वर्षांनी नोकरी बदलणे हाच उत्कर्षाचा मार्ग समजला जातो, त्या क्षेत्रातील माणसाने हे ध्यानात धरावे. मुंबईचा मनुष्य एका शहरातून दुसऱ्या शहरात गेलो असे मानतो, पण वस्तुतः तो एका लोहमार्गावरून एका रस्त्यावर गेलेला असतो.

या तीनही शहरांत मेट्रो आली आहे हे खरे. बंगळुरात 2011 साली, हैदराबादेत 2017 च्या नोव्हेंबरात, पुण्यात 2022 च्या मार्चमध्ये तिचा आरंभ झाला, आणि बंगळुरातील ज्या सिल्क बोर्ड चौकाच्या कोंडीवर विनोदी वाङ्मय तयार झाले आहे, त्या चौकातून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणारी मार्गिकाही 2025 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. पण मेट्रो स्थानकापासून घरापर्यंतचे शेवटचे दोन किलोमीटर कोणी न्यावयाचे, या प्रश्नास पुण्याने दिलेले उत्तर म्हणजे दुचाकी, आणि हे उत्तर इतक्या कुटुंबांनी स्वीकारले आहे की तेथील नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येस येऊन भिडली. आता अठरा वर्षांखालील मुलाचा किंवा मुलीचा विचार करा. मुंबईत चौदा वर्षांची मुलगी एकटी बेस्टच्या बसने किंवा लोकलच्या महिला डब्यातून शिकवणीस जाते, आणि त्यात आईबापांस काही विशेष केले असे वाटत नाही. पुण्यात त्याच मुलीस कोणीतरी सोडावे आणि आणावे लागते, आणि हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक घरांत आई. कागदावरच्या दोन रकान्यांत हे तास कोणीही मांडत नाही.

आईचा उल्लेख आला त्या ओघात येथेच सांगणे बरे, की शहर बदलण्याच्या निर्णयात ज्या एका वेतनाचा विचार होतो ते बहुधा पतीचे असते, आणि जे दुसरे वेतन बुडते त्याची नोंद ‘तिला तेथे काहीतरी मिळेलच’ या वाक्याने केली जाते. बँकेतील किंवा आयुर्विमा महामंडळातील स्त्रीस बदली मागता येते, ती मिळेपर्यंत वाट पाहावी लागते एवढेच. पण अनुदानित शाळेतील शिक्षिकेस, महापालिकेच्या रुग्णालयातील परिचारिकेस किंवा मंत्रालयातील स्त्री-कारकुनास राज्याबाहेर बदली अशी चीजच नाही. तिने राजीनामा दिला म्हणजे ज्येष्ठता, भविष्य निर्वाह निधीची सलगता आणि कित्येक प्रसंगी निवृत्तिवेतन, या सर्वांवर पाणी सोडावे लागते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, पतीच्या वेतनात होणारी वाढ ही पत्नीच्या सध्याच्या वेतनाहून अधिक असल्याखेरीज आर्थिक लाभाचा मुद्दा पुढे करूच नये. हवापालट किंवा आवड या सबबीवर जावयाचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, ते अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

हवेविषयी थोडक्यात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, पुणे व हैदराबाद साडेपाचशेच्या आसपास. मुंबईच्या घामटपणातून सुटका तिन्ही ठिकाणी होते, हैदराबादेत उन्हाळा मात्र कडक. पुण्यात पाऊस मुंबईच्या तृतीयांशाच्या आसपास पडतो. ज्याने 26 जुलै 2005 चा दिवस, सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला तो, रस्त्यावर काढला आहे, त्यास हवेचा मुद्दा क्षुल्लक वाटणार नाही. पण हवेसाठी म्हणून गेलेला माणूस त्या हवेत घरी किती वेळ बसणार, हेही पाहिले पाहिजे.

पाण्याचा मुद्दा याहून वजनाचा. मुंबईस विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा या सात तलावांचे पाणी येते; त्यातील विहार 1860 इतका जुना आहे, आणि शहरापासून शंभर किलोमीटरपर्यंतच्या डोंगरांतील हे पाणी बऱ्याच प्रमाणात उताराने वाहत येत असल्यामुळे मुंबईकरास पाणी ही महापालिकेने पुरवावयाची वस्तू वाटते. पुण्यास खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे असून त्यांची एकत्रित क्षमता सुमारे 29 टीएमसी आहे. जुन्या हद्दीत पाणी मुबलक म्हणावे असे मिळते. पण त्याच धरणांवर दौंड-इंदापूरच्या शेतीचा हक्क आहे, आणि नव्या हद्दीतील कित्येक इमारतींत नळ आहे, पाणी टँकरचे आहे, व त्या टँकरचा खर्च सोसायटीच्या मासिक वर्गणीत येतो, भाड्याच्या जाहिरातीत येत नाही. बंगळुरास कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर उपसून आणावे लागते. 2024 च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या तेव्हा उच्चभ्रू वसाहतींतही पाणी मोजून दिले जात होते. हैदराबादेने 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे दोन जलाशय बांधले, आणि आज कृष्णा-गोदावरीचे पाणी लांबून आणले आहे. घर पाहावयास जाणाऱ्याने दलालाच्या सोयीने पावसाळ्यात न जाता मे महिन्यात जावे, आणि इमारतीच्या पहारेकऱ्यास दिवसाकाठी किती टँकर येतात एवढे विचारावे. ही माहिती त्याच्याइतकी अचूक दुसऱ्या कोणापाशी नसते.

मुलांच्या शिक्षणाचा मुद्दा पुढे केला जातो तो बहुधा शाळांच्या नावलौकिकापुरता. खरा प्रश्न राज्याच्या सीमेचा आहे, आणि येथे पुणे एका बाजूस व बंगळूर-हैदराबाद दुसऱ्या बाजूस, अशी स्वच्छ विभागणी होते. महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यासाठी सामान्यतः दहावी व बारावी राज्यात झालेली असावी लागते. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी जागांसाठी सर्वसाधारण नियम राज्यात सात वर्षे शिकल्याचा आहे. तेलंगणातही स्थानिकत्वाचे नियम शिक्षणाच्या आणि रहिवासाच्या सलग वर्षांवर बेतलेले आहेत. आठवीतील मुलास घेऊन बंगळुरास गेलेले कुटुंब अशा रीतीने दोन्ही राज्यांच्या मधल्या फटीत सापडू शकते: महाराष्ट्राचा रहिवास सुटला, कर्नाटकाचा अजून लागला नाही. मूल पहिलीत असताना गेल्यास यातील काहीच अडचण येत नाही. म्हणून मूल सहावी ओलांडल्यानंतर राज्य बदलावयाचे असेल तर ते बारावी झाल्यावर बदलावे, किंवा मूल आणि एक पालक मागे ठेवून बदलावे, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा मार्ग कोणासच सुचवू नये असे वाटते, पण पुष्कळ कुटुंबे तोच पत्करतात.

याच सीमेचा दुसरा परिणाम अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांस भोगावा लागतो, आणि त्याची वाच्यता फार थोडी होते. एका राज्यात अनुसूचित असलेल्या जातीच्या व्यक्तीने दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यास तेथील सवलती तिला आपोआप लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली दिला आहे. महाराष्ट्रातील मागासवर्गीय कुटुंबाने हैदराबादेस बिऱ्हाड हलविले म्हणजे मुलाच्या तेथील राज्य कोट्यातील प्रवेशास महाराष्ट्राचा जातीचा दाखला उपयोगी पडत नाही. वेतनात पंचवीस टक्के वाढ देऊ करणाऱ्या पत्रात हे लिहिलेले नसते.

भाषेविषयी मुंबईकराच्या मनात असलेली भीती आणि बेफिकिरी ही दोन्ही अतिशयोक्त आहेत. कर्नाटकाने कन्नड शिकविण्याचा कायदा 2015 साली केला, तेलंगणाने तेलुगूचा 2018 साली, महाराष्ट्राने मराठीचा 2020 साली. तेव्हा शेजारच्या राज्याने आपल्या मुलास त्याची भाषा शिकावयास लावली म्हणून तक्रार करण्याचा अधिकार आपणांस उरलेला नाही. लहान मूल नवी लिपी एका वर्षात उचलते. अवघड जाते ते पन्नाशी ओलांडलेल्यांस, आणि त्यांतही बंगळुराच्या भाजीबाजारात. हैदराबादची गोष्ट या बाबतीत आगळी आहे. मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि त्यानंतर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. वकिली, शिक्षण आणि सरकारी नोकरी यांसाठी औरंगाबाद-परभणी-नांदेडची मराठी घरे हैदराबादेस गेली व तेथेच राहिली, आणि केशवराव कोरटकरांसारख्या माणसांच्या प्रयत्नाने 1907 साली उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था आजही त्या शहरात आहे. हैदराबादची दखनी हिंदी मुंबईच्या हिंदीवर वाढलेल्या कानास परकी वाटत नाही, आणि नांदेडच्या माणसास तर तेथे परगावी आल्यासारखेही वाटत नाही. मुंबईचा मनुष्य मात्र या वस्तीची खबर न घेता थेट हायटेक सिटीत उतरतो, आणि वर्षभराने तेथे मराठी माणसे नाहीत म्हणून खंत करतो.

वाहनाच्या कागदपत्रांची कटकट ही किरकोळ समजून सोडून दिली जाते, म्हणून दोन शब्द. मोटार परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत पत्र आणावे लागते, तेथे पुन्हा कर भरावा लागतो, आणि येथे भरलेल्या कराचा उरलेला अंश परत मागण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. जुनी गाडी असल्यास ती मुंबईतच विकून टाकावी.

उरला मुद्दा वृद्ध आईवडिलांचा. ते बरोबर येणार असतील तर त्यांचे मत अगदी शेवटी विचारले जाते, आणि ते ‘तुम्हांस सोयीचे तसे करा’ असे म्हणतात. या उत्तरास संमती समजणे चूक आहे. त्यांच्या जीवनातील दाक्तर, वाण्याचे दुकान, स्टेशनावरील बाकडे, सकाळच्या फेरफटक्याची चौकडी या सर्वांची पुनर्घटना सत्तरीनंतर होत नाही. ते मागे राहणार असतील तर अंतराचा हिशेब करावा लागतो. पुण्याहून रेल्वेने 192 किलोमीटर. 1930 पासून धावणारी डेक्कन क्वीन तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेते, आणि रात्री दोन वाजता दूरध्वनी आला तरी द्रुतगती मार्गाने उजाडण्यापूर्वी पोचता येते. हैदराबादेहून गाडीची एक रात्र आहे. बंगळुराहून उद्यान एक्स्प्रेसला जवळजवळ एक अहोरात्र लागते; विमान आहे, पण रात्री दोनच्या दूरध्वनीस विमान सकाळीच मिळते. पुण्याच्या बाजूने जेवढे मुद्दे मांडले जातात त्यांत हा सर्वांत बळकट आहे, आणि वेतनाच्या तुलनेत पुणे मागे पडत असतानाही इतकी मुंबईकर कुटुंबे पुण्यासच का जातात, याचे कारणही बहुधा हेच.

या अंतराचाच फायदा घेऊन प्रश्न टाळणाराही एक वर्ग आहे. पुण्यात घर, मुंबईत नोकरी आणि आगगाडीचा पास, असा क्रम कित्येकांनी वर्षानुवर्षे चालविला. रोजचे सहा-सात तास गाडीत घालविणाऱ्या या मंडळींची पत्ते खेळण्यातील निष्ठा आणि जागा धरून ठेवण्याची शिस्त कौतुकास्पद असली, तरी हा मार्ग तरुणपणीच शोभतो.

ज्यांस निर्णय करवत नाही त्यांच्यासाठी मुंबईनेच अलीकडे एक तजवीज करून ठेवली आहे. विलेपार्ले, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासास जात आहेत. इमारत रिकामी केल्यापासून नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत, म्हणजे करारात अडीच-तीन वर्षे आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहून अधिक, बिल्डर सभासदास पर्यायी जागेचे भाडे देतो. बहुतेक सभासद त्याच गल्लीत, त्याच भाड्यात, आधीच्याहून लहान जागा शोधीत फिरतात आणि परिसरातील भाडी चढवून ठेवतात. त्याच रकमेत पुण्यात तीन खोल्या अधिक मिळतात, मुंबईतील मालकी शाबूत राहते, नवे घर तयार झाले म्हणजे परतावयाचे की ते भाड्याने द्यावयाचे हे पुढे ठरविता येते. आणि राज्य तेच असल्याने मुलांच्या रहिवासास धक्का लागत नाही. पत्नीची नोकरी मुंबईत पक्की असेल तर ही योजना तेथेच संपते. नसेल, तर हिच्यातील धोका एकच आहे, की बांधकाम रखडल्यावर बिल्डर भाडे देणे थांबवितो आणि सभासद दोन्ही शहरांत भाडेकरू होऊन बसतो. म्हणून विकासकाच्या करारनाम्यात भाड्यापोटी बँक हमी आहे काय, ती किती महिन्यांची आहे आणि मुदत वाढल्यास तिचे नूतनीकरण कोणी करावयाचे, ही कलमे आधी वाचून घ्यावी, आणि शाळेचा दाखला काढण्यासाठी अर्ज त्यानंतर करावा.